परळची धर्मशाळा, छत्तीस भाडेकरू आणि तीन मयत विश्वस्त : एका दानजमिनीचे प्रकरण

प्रॉपर्टी कार्डावर ‘धारक’ या रकान्यात तीन नावे आहेत आणि तिघेही मयत आहेत. नावांपुढे ‘विश्वस्त’ हा शब्द नाही. तळमजल्यावर चोवीस गाद्यांची धर्मशाळा, वर दोन मजल्यांवर मिळून छत्तीस खोल्या, रस्त्याच्या अंगाला दोन गाळे. मागच्या गॅलरीला लाकडी टेकू लागलेत, जिन्याखाली रिपेअर बोर्डाची, म्हणजे म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाची, नोटीस चिकटवलेली आहे आणि एका बिल्डरचा माणूस संध्याकाळी दारोदार भाडेकरूंच्या सह्या घेत फिरतो आहे. न्यासाच्या बँक खात्यात वर्षभराचे वीजबिल भरण्याइतकेही पैसे नाहीत.

ही एका विशिष्ट न्यासाची हकिगत नव्हे. परळ, लालबाग, गिरगाव भागातल्या दानजमिनींवर जे पुन्हा पुन्हा दिसते ते इथे एका भूखंडावर आणून ठेवले आहे. भूखंडाचे क्षेत्र, खोल्यांची संख्या, भाडे आणि मृत्युपत्राचा मजकूर हिशेब समजावा म्हणून धरला आहे. कायदे, कलमे आणि रुग्णालयांची साले मात्र खरी.

दान कसे झाले

परळला केईएम रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. त्याच साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, १९२९ साली बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय आणि १९४१ साली टाटा मेमोरियल. पंधरा वर्षांत, चालत जाता येईल एवढ्या अंतरात चार मोठी रुग्णालये उभी राहिली. रोग्याला त्यांनी खाट दिली, पण त्याच्यासोबत गावाहून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा नव्हती. तो व्हरांड्यात, नाहीतर फुटपाथवर झोपायचा. आजही झोपतो.

आपल्या प्रकरणातला दाता गिरणगावात बांधकामाची कंत्राटे घेणारा गृहस्थ. मृत्युपत्राने त्याने ६०० चौरस वार जागा आणि तिच्यावर इमारत बांधण्यापुरती रक्कम तीन विश्वस्तांच्या हवाली केली. कलम साधे होते: तळमजला परगावच्या गरीब रोग्यांना व त्यांच्या सोबत्यांना, कोणत्याही जातीचे असोत, विनामूल्य उतरण्यास ठेवावा, वरच्या खोल्यांच्या भाड्यातून दुरुस्ती, दिवाबत्ती, पाणी व रखवालदार भागवावा, शिल्लक राहील ती औषधपाण्यास द्यावी. म्हणजे खाली धर्म आणि वर त्याचे पोट. मुंबईतल्या कितीतरी दानजमिनी याच बेताने उभ्या राहिल्या, आणि वरचे उत्पन्न आटल्यावर खालचा धर्म बंद पडला तोही याच बेतामुळे.

‘कोणत्याही जातीचे असोत’ हे शब्द पुढे फार उपयोगी पडतात. त्या काळच्या बऱ्याच मृत्युपत्रांत ‘आमच्या ज्ञातीतील’ असे असते. प्राप्तिकराच्या बाबतीत १९६१ च्या कायद्याने विशिष्ट जाती-धर्मापुरत्या धर्मादाय न्यासांची सूट काढली ती नंतर स्थापन झालेल्यांची. जुने न्यास त्यातून सुटले. पण ज्ञातीतला गरजू रोगी येईनासा झाला म्हणून खाटा रिकाम्या राहिल्या, तर हेतू जवळच्या हेतूकडे वळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. आपल्या मनाने ‘आता काळ बदलला’ म्हणून ठराव करून चालत नाही.

भाडे कसे गोठले

१९४० च्या सुमारास एका खोलीचे भाडे महिना १० रुपये धरू. छत्तीस खोल्यांचे महिना ३६० रुपये, वर्षाला ४,३२०. तेव्हा त्यात सगळे बसत होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. युद्धानंतरच्या घरटंचाईवर तो तात्पुरता उपाय होता; मुदतवाढ मिळत मिळत तो पन्नास वर्षे चालला. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरली आहे असे म्हटले. कायदा संपतच आला होता म्हणून तो रद्द केला नाही, एवढेच. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. चक्रवाढीने धरली तरी पंचवीस वर्षांत १० रुपयांचे २७ होतात. छत्तीस खोल्यांचे वर्षाला ११,६६४ रुपये. एवढ्यात एका संडासाची पाइपलाइनसुद्धा धड बदलून होत नाही.

यातही न्यासांचा हलगर्जीपणा असतोच. ४ टक्के वाढ आपोआप लागत नाही, मागावी लागते. बऱ्याच ठिकाणी २००० नंतरही पावत्या जुन्याच दराने फाडल्या गेल्या. ‘एवढ्याशा पैशांसाठी कोण भांडत बसेल’ हे विश्वस्तांचे म्हणणे, आणि मग पावती पुस्तकच संपले. पावती फाडणे थांबले की भाडेकरू मनीऑर्डरने किंवा कोर्टात भाडे भरतो, आणि न्यास आपल्याच इमारतीत परका होतो.

१९८२ च्या गिरणी संपानंतर खोल्या हात बदलू लागल्या. मूळ भाडेकरू गावी गेला, खोली पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, दुसऱ्याला. पागडीतला मालकाचा हिस्सा न्यासाच्या खात्यात जमा व्हायला हवा. जुन्या स्थळप्रती चाळल्या की नाव बदलल्याची तारीख दिसते, त्या महिन्याच्या कीर्दीत मात्र एक पैसाही जमा दिसत नाही. असे किती वेळा झाले ते मोजून ठेवावे. पैसे परत येण्याची आशा कमी असते, पण पुढे चॅरिटीत, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, कुणी ‘जुन्या कारभारात सगळे ठीक होते’ असे प्रतिज्ञापत्र घातले, तर हीच यादी कामाला येते.

कागद आधी, इमारत नंतर

इथेच बहुतेक न्यास चुकतात. टेकू दिसतात म्हणून सगळे बिल्डरच्या मागे धावतात. कार्डावर मयतांची नावे असताना केलेला कोणताही करार टिकत नाही, आणि त्या मयतांपैकी एकाचा नातू ‘ही आमच्या आजोबांची मिळकत’ म्हणून उभा राहिला की दहा वर्षे गेलीच.

पहिले काम मृत्युपत्र शोधण्याचे. न्यासाच्या कपाटात ते नसतेच. असली तर वाळवीने खाल्लेली टंकलिखित नक्कल. पण त्या काळी मुंबईत मृत्युपत्राला हायकोर्टाचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा दाखला, लागत असे आणि प्रोबेटसोबत मृत्युपत्राची प्रत जोडलेली असते. हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी खात्यात दात्याचे नाव आणि अंदाजे साल देऊन प्रमाणित प्रत मागता येते. साल माहीत नसेल तर दाराशी असलेली संगमरवरी पाटी बघावी. आपल्या इमारतीत तिच्यावर ऑइलपेंटचे तीन हात चढले होते. ते खरवडल्यावर दात्याच्या आईचे नाव, ‘स्मरणार्थ’ आणि बांधकामाचे साल निघाले. पाटीचा फोटो, सोबत फुटपट्टी ठेवून, फाइलला लावावा. धर्मादाय हेतूचा तो उघड पुरावा असतो.

दुसरे, चॅरिटीतला शेड्यूल वनचा उतारा. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा तेंडोलकर समितीच्या शिफारशींवर आला. आता त्याचे नाव महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. नोंदणी झालेल्या न्यासाची विश्वस्तांची नावे, हेतू, स्थावर-जंगम मिळकत या उताऱ्यावर असते. वरळीच्या धर्मादाय कार्यालयातून प्रमाणित प्रत घ्यावी आणि प्रॉपर्टी कार्डाशी ओळ न्‌ ओळ ताडावी. सी. एस. नंबर, म्हणजे भूखंडाचा सर्व्हे नंबर, जुळतो का, विभाग ‘परळ-शिवडी’ आहे का, क्षेत्र चौरस वारात आहे की मीटरमध्ये, जमिनीचा जुना धारणाप्रकार फोरास, टोका, फजंदारी यांपैकी कोणता की आणखी काही, आणि त्यातून कुणाला काही देणे लागते का. उताऱ्यात ५०२ चौरस मीटर आणि कार्डात ४७० असेल, तर मधले ३२ रस्तारुंदीत गेले की शेजाऱ्याने घेतले हे आधीच कळलेले बरे.

तिसरे आणि सगळ्यांत रटाळ काम बदल अर्जांचे, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कळवायचे असते. आपल्या न्यासात शेवटचा मंजूर बदल अनेक दशकांपूर्वीचा. आज ‘विश्वस्त’ म्हणवणारे पाच जण प्रामाणिकपणे धर्मशाळा चालवतात, पण उताऱ्यावर त्यांपैकी एकाचेही नाव नाही. प्रत्येक बदल वेगळा आणि क्रमाने दाखवावा लागतो: मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, नोटीस पोचल्याची पोच, इतिवृत्त, नव्या विश्वस्ताची संमती, उशीर का झाला त्याचे प्रतिज्ञापत्र. मधली एक कडी तुटली की पुढच्या सगळ्या लोंबकळतात.

मग मोह होतो तो इतिवृत्ते नव्याने लिहून काढण्याचा. वीस वर्षांच्या सभा, एकच पेन, एकच हस्ताक्षर, एका बैठकीत. बारकोड छापलेल्या वहीत १९९० ची सभा लिहिलेली असते. असली वही दाखल करण्यापेक्षा कडी तुटली आहे हे सरळ कबूल करावे आणि कलम ४७ खाली विश्वस्त नेमण्याचा अर्ज करावा, किंवा हितसंबंध असलेल्या दोघांनी मिळून कलम ५०-अ खाली योजना, म्हणजे स्कीम, मागावी. स्कीमला वेळ लागतो, पण तिच्यात विश्वस्त किती, नेमायचे कसे, मुदत किती, कोरम किती हे सगळे एकदाच बसते. तीन विश्वस्त तहहयात असे लिहिणाऱ्या जुन्या मृत्युपत्रांवर हा चांगला उतारा आहे. आपल्या प्रकरणात स्कीमच योग्य. सात विश्वस्त, पाच वर्षांची मुदत, आणि त्यांतला एक रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम केलेला.

स्कीम मंजूर झाल्यावर तिची प्रत लावून सिटी सर्व्हेकडे फेरफाराचा अर्ज. कार्डावर न्यासाचे नाव आणि नोंदणी क्रमांक चढले पाहिजेत, व्यक्तींची नावे नकोत. मयत विश्वस्ताच्या वारसाने हरकत घेतली तर मुदत कायद्याचे कलम १० आठवावे: विश्वस्ताकडून किंवा त्याच्या वारसाकडून न्यासाची मिळकत परत मिळवायला कालमर्यादा आड येत नाही. पैसे मोजून सचोटीने विकत घेणाऱ्याला मात्र वेगळा न्याय. म्हणूनच जुन्या कस्टम हाउसमध्ये दस्तांचा शोध घेऊन, या सी. एस. नंबरवर मधल्या काळात कुणी काही विकले तर नाही ना, हे बघायचे.

मागे पडलेली हिशेबपत्रकेही या काळात भरून काढायची. अनुसूची आठ, नऊ आणि नऊ-क, म्हणजे ताळेबंद-जमाखर्चाचे ठरलेले नमुने, लेखापरीक्षकाच्या सहीने. पावत्या नसतील त्या वर्षी ‘पावत्या उपलब्ध नाहीत’ असे लेखापरीक्षकाला लिहू द्यावे.

दोन गाळे

वरच्या छत्तीस खोल्यांतून काही निघणार नाही हे एकदा मान्य केले की लक्ष गाळ्यांकडे जाते. एका गाळ्यात किराणा दुकान, जुना भाडेकरू. त्याला कायद्याचे संरक्षण आहे. दुसऱ्यात एका बँकेची शाखा, आणि भाडे महिना काही शे रुपये. इथे मात्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ३ वाचावे. बँका, सार्वजनिक उपक्रम, आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना २००० पासून या कायद्याचे संरक्षण नाही. त्यांची भाडेवट रीतसर नोटीस देऊन संपवता येते आणि बाजारभावाने नवा करार करता येतो. वीस-पंचवीस वर्षे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही, कारण पावती पुस्तकात बँकेची पावती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीची पावती एकाच गठ्ठ्यात असते.

नवा करार करताना एक मर्यादा सांभाळायची. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ३६ महिन्यांपर्यंतचा, नोंदणी केलेला करार या मर्यादेत बसतो. बँकेला नऊ वर्षे हवी असतात. तशी द्यायची असतील तर परवानगी घेऊनच. ‘तीन अधिक तीन अधिक तीन, नूतनीकरण भाडेकरूच्या मर्जीवर’ असले कलम घालून पळवाट काढू नये. ती तीन वर्षे धरायची की नऊ, यावरच मग वाद होतो.

या एका गाळ्याच्या भाड्यावर धर्मशाळेचे वीज, पाणी आणि दोन माणसांचे पगार निघतात. दात्याने लिहिलेला हिशेब पुन्हा जुळतो, फक्त छत्तीस खोल्यांचे काम एक गाळा करतो. बिल्डरशी बोलणी याच्यानंतर सुरू करावीत. हातात महिन्याचे उत्पन्न असलेला न्यास दम धरू शकतो. नसलेला पहिल्या धनादेशाला सही करतो.

पालिकेच्या मालमत्ता करात महापालिका कायद्याच्या कलम १४३ ची सूट फक्त निव्वळ धर्मादाय वापरातल्या भागाला, तीही सर्वसाधारण करापुरती. धर्मशाळेच्या दालनाची वेगळी नोंद करून घेतली नसेल तर अख्ख्या इमारतीवर कर लागत राहतो.

बिल्डर, निविदा आणि परवानगी

इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींचा ‘अ’ वर्ग. पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावली २०३४ च्या ३३(७) खाली. ढोबळ गणित असे: ६०० चौरस वार म्हणजे सुमारे ५०२ चौरस मीटर. तीन एफएसआयने, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम धरून, १,५०५ चौरस मीटर, किंवा भाडेकरूंना लागणारे क्षेत्र अधिक त्यावर ५० टक्के प्रोत्साहन, यांपैकी जे जास्त असेल ते. प्रत्येक रहिवासी भाडेकरूला किमान २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट कार्पेट. ३६ × २७.८८ = १,००४. भिंती, जिना, लिफ्ट, फंजिबल नावाचे जादा क्षेत्र हे सगळे बाजूला ठेवले तरी दिसते की एकट्या लहान भूखंडावर बिल्डरच्या वाट्याला फार उरत नाही. त्यामुळे त्याची नजर पहिल्यांदा जाते ती धर्मशाळेच्या १२० चौरस मीटरवर.

आणि ती घेणे सोपे असते. रिपेअर बोर्डाकडून प्रमाणित होणारी यादी भाडेपावत्यांच्या आधाराने बनते, आणि धर्मशाळेच्या नावाने भाडेपावती कुणी फाडलेली नसते. नकाशावर तळमजला ‘मालकाचा ताबा’ एवढाच दिसतो. भाडेकरूंच्या ५१ टक्के संमत्या गोळा झाल्या की बिल्डर म्हणतो, न्यासाला रोख देतो, धर्मशाळा दुसरीकडे काढा. दुसरीकडे म्हणजे विरारला. रेडिएशन घेतलेला रोगी रोज विरारहून परळला कसा येणार, हे त्याला विचारून उपयोग नसतो.

म्हणून निविदेच्या कागदातच, किमतीच्या आधी, न्यासाच्या अटी लिहायच्या. आपल्या प्रकरणात त्या अशा ठरल्या: धर्मशाळेला तळ किंवा पहिल्या मजल्यावर किमान १२० चौरस मीटर कार्पेट, रस्त्यावरून स्वतंत्र दार, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, दोन्ही गाळे तेवढ्याच क्षेत्राचे आणि रस्त्यालगतच, बांधकाम चालू असताना केईएमपासून चालत येण्याजोग्या अंतरावर पर्यायी दालन, भाडे बिल्डरचे, भाडेकरूंच्या पर्यायी घरभाड्याची बँक हमी, आणि काम रखडल्यास काय, त्याची तारीखवार तरतूद. रोख रक्कम या सगळ्यानंतर.

स्वतंत्र दाराची अट कुणाला जास्तीची वाटेल. २०२१ च्या मे महिन्यात टाटा रुग्णालयातल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी म्हाडाच्या करी रोड भागातल्या १०० सदनिका देण्याचे ठरले, तिथल्या रहिवाशांच्या हरकतीनंतर जूनमध्ये त्याला स्थगिती मिळाली आणि मग बॉम्बे डाइंगच्या आवारातल्या सदनिका द्याव्या लागल्या. जिना आणि लिफ्ट सामायिक असली की उद्या सोसायटीच्या सभेत पहिला ठराव धर्मशाळेविरुद्ध येतो.

कलम ३६ च्या अर्जाची तयारी तशी सरळ आहे. नियम २४ प्रमाणे मृत्युपत्रात हस्तांतराबद्दल काही लिहिले आहे का, गरज काय, न्यासाचे हित कसे, हे सांगायचे आणि तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल जोडायचा. मूल्यांकन दोन प्रकारे मागावे, भाडेकरूंसह आणि मोकळ्या जमिनीचे. एकच आकडा दिला की सुनावणीत पहिला प्रश्न त्यावरच. जाहिरात खपाच्या एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात. कोपऱ्यातल्या, कुणी न वाचणाऱ्या पत्रात दिलेली जाहिरात नियमात बसली तरी संशयाला जागा देते. बंद लिफाफे बोली लावणाऱ्यांसमोर उघडावेत, पंचनामा करावा, सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. एवढे करूनही सुनावणीत तिसराच कुणी जास्त रक्कम घेऊन उभा राहू शकतो आणि आयुक्त त्याचा विचार करू शकतात, कारण त्यांनी बघायचे ते न्यासाचे हित, लाभ आणि संरक्षण. त्या वेळी न्यासाने रकमेपेक्षा अटींवर बोट ठेवावे: जास्त देणारा धर्मशाळेचे १२० मीटर आणि पर्यायी दालन मान्य करतो का?

२०१७ च्या दुरुस्तीने परवानगी नंतर घेण्याचीही वाट ठेवली आहे, ती अपवादात्मक परिस्थितीसाठी. वकील ‘आधी सही करा, मग बघू’ म्हणून तिचा दाखला देतात. तसे करू नये.

जमीन कुणाच्या नावावर राहते

सगळ्यांत महाग पडणारी चूक इथली, आणि ती पंधरा वर्षांनी कळते. भाडेकरूंना आणि नव्या ग्राहकांना सदनिका मालकीने मिळाल्या की सोसायटी होते. सोसायटी जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी आपल्या नावावर करून, मागते. १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याने ते द्यावे लागते, न दिल्यास सोसायटी मानीव अभिहस्तांतरण घेऊ शकते. म्हणजे दात्याची जमीन गेली आणि न्यास आपल्याच धर्मशाळेपुरता सोसायटीचा सभासद उरला.

उपाय करारातच करायचा: जमीन न्यासाकडे, सोसायटीला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, वार्षिक भुईभाडे आणि ठरावीक वर्षांनी वाढ. हा भाडेपट्टा तीन वर्षांहून मोठा, म्हणून कलम ३६ च्या त्याच अर्जात त्याचा मसुदा जोडून परवानगी घ्यायची. सदनिका घेणाऱ्या प्रत्येकाच्या करारात ‘जमीन न्यासाची, भाडेपट्ट्याने’ हे वाक्य असले पाहिजे. बिल्डर कुरकुर करतो, कारण भाडेपट्ट्याच्या जमिनीवरची सदनिका जरा कमी भावाने जाते. तो फरक निविदेतल्या रोख रकमेतून वजा झाला तरी चालेल.

धर्मशाळा म्हणजे नेमके काय

१२० चौरस मीटर हा आकडा हवेतून आलेला नाही. गादी सहा बाय तीन फूट; ट्रंक, पिशवी, उठबस आणि वाट धरून माणशी चार चौरस मीटर. चोवीस जणांना ९६. स्वयंपाकाची जागा १२, संडास-न्हाणीघर १२. संडास तीन, त्यांतला एक कमोडचा आणि भिंतीला कड्यांचा. हाडाच्या कर्करोगाच्या रोग्याला उकिडवे बसता येत नाही.

जुन्या धर्मशाळेचा नियम होता: मुक्काम १५ दिवस, पुढे सचिवांच्या सहीने आठवड्याची वाढ. जळगावहून किंवा नांदेडहून आलेल्या माणसाचे दर आठवड्याला अर्धा दिवस सचिव शोधण्यात जाई. रेडिएशन आठवड्याचे पाच दिवस, बरेचदा पाच ते सात आठवडे चालते. १५ दिवसांत बसणारे उपचार फार थोडे. केमोचे उलटे: साधारण २१ दिवसांचे चक्र, मध्ये रोगी गावी जातो आणि गादी मात्र त्याच्या नावावर, कुलूप लावलेल्या ट्रंकेसकट अडून राहते. तेव्हा मुक्काम दिवसांवर न बांधता उपचाराच्या कागदावर बांधावा. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाची चिठ्ठी, फाइल क्रमांक आणि पुढच्या तारखांचा कागद बघून मुदत लिहायची. केमोवाल्याला जाताना परतीची चिठ्ठी द्यायची: अमुक तारखेला गादी मिळेल. ट्रंक घेऊन जायची.

चिठ्ठीची अट कडक ठेवली नाही तर दलाल शिरतात. रुग्णालयाच्या फाटकाशी उभे राहून गावाकडच्या माणसाला ‘मोफत जागा मिळवून देतो’ म्हणत पैसे घेणारे असतातच. त्यावर सोपा बंदोबस्त म्हणजे दारावर मोठ्या अक्षरांत, मराठी आणि हिंदीत, ‘येथे राहण्याचे पैसे लागत नाहीत’ अशी पाटी. टाटात उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचे रोगी मोठ्या संख्येने येतात. फक्त मराठी पाटी त्यांच्या कामाची नाही.

विनामूल्य म्हणजे विनामूल्यच. ‘सेवाशुल्क रोज पन्नास’ अशी पावती फाडली तर ते मृत्युपत्राविरुद्ध जाते. चादर-किल्लीची अनामत घ्यावी, निघताना परत करावी, दानपेटी दोन विश्वस्तांसमोर उघडावी.

केमोतल्या रोग्याची प्रतिकारशक्ती उतरलेली असते, त्यामुळे थुंकीत जंतू असलेला क्षयरोगी त्याच दालनात ठेवता येत नाही. त्याला परत पाठवण्यापेक्षा समाजसेवकाला लगेच फोन करून दुसरी सोय बघावी. स्वयंपाकाला पाइपचा गॅस घ्यावा. चार शेगड्यांभोवती सिलिंडर सरकवत बसणे धोक्याचे. पथ्याचे पातळ वरण आणि मऊ भात ज्याचा त्याने शिजवायचा, म्हणून शेगडीच्या पाळ्या फळ्यावर लिहायच्या. सकाळी सहा ते आठ सगळ्यांनाच हवी असते; रेडिएशनची वेळ लवकरची असलेल्यांना आधी.

ताबा घेताना

नव्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय धर्मशाळेचा ताबा घेऊ नये. वीज-पाणी तात्पुरते जोडून ‘आत या’ म्हणतात, आणि तात्पुरते वर्षानुवर्षे राहते. दालन फितीने मोजावे, नकाशावरून नव्हे. न्हाणीघराची जमीन जाळीकडे उतरते का, हे बादलीभर पाणी ओतून बघावे. लिफ्टमध्ये स्ट्रेचर खरोखर नेऊन वळवून काढावे. वीज आणि पाण्याची मीटरे न्यासाच्या नावावर, सोसायटीच्या नव्हे. भाडेपट्ट्याचा नोंदलेला दस्त आणि नव्या मिळकतीच्या नोंदीसाठी बदल अर्ज त्याच तिमाहीत. संगमरवरी पाटी जुन्या इमारतीतून काढताना कोपरा उडतो, म्हणून ती तोडकामाआधी उतरवून पर्यायी दालनात हलवलेली असावी. आणि नव्या भिंतीत बसवताना तिच्याखाली न्यासाचा नोंदणी क्रमांक आणि सी. एस. नंबर कोरलेली एक छोटी पट्टी लावावी.